कोहाचं व्हर्च्युअल मशीन नव्या सर्व्हरवर आणलं, पण बूटच होत नाही

पुस्तकघर | शुक्रवार, संध्याकाळी 6:20

नमस्कार मंडळी. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. आमची देवघेव, दाखल नोंदवही, सगळं कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालतं. 2021 मध्ये आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने काउंटरमागच्या विंडोज पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात डेबियन 11 (लिनक्स) आणि त्यावर कोहा बसवून दिलं होतं. तो आता नोकरीसाठी बाहेर असतो. त्या पीसीची हार्ड डिस्क गेल्या आठवड्यापासून टकटक वाजायला लागली आहे. कॉलेजने एक छोटा सर्व्हर दिला, मी त्यावर डेबियन 12, केव्हीएम (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) आणि ते हाताळायला व्हर्ट-मॅनेजर बसवलं. इथपर्यंत सगळं नीट झालं.

मग जुनी व्हीडीआय फाइल (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क फाइल) पोर्टेबल डिस्कवरून आणली, क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट वापरून तिची क्यूकाऊ2 (केव्हीएमची डिस्क फाइल) केली, व्हर्ट-मॅनेजरमध्ये 'आधीची डिस्क आयात करा' हा पर्याय घेतला. फर्मवेअर (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) कुठलं असं विचारल्यावर यूईएफआय निवडलं, कारण ते नवीन आहे असं वाचलं होतं. आता मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत 'मॅपिंग टेबल' येतं आणि खाली 'शेल>' लिहून थांबतं. डेबियनचं नावही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, आतली 40 जीबीची डिस्क 94 टक्के भरलीये. हलवतोच आहोत तर ती मोठीही करून घ्यायची आहे. सोमवारी नवीन सत्र सुरू होतंय, पहिल्या वर्षाची मुलं कार्डं करायला येतील. मदत करा.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, संध्याकाळी 6:41

ताई, त्या मॅपिंग टेबलमध्ये एफएस0 अशी ओळ आहे का?

---

पुस्तकघर | शुक्रवार, संध्याकाळी 6:48

नाही. नुसत्या बीएलके0, बीएलके1 अशा ओळी आहेत. एफएस कुठेच नाही.

---

आडवाटेचा_वाटसरू | शुक्रवार, संध्याकाळी 7:35

मग रोग कळला. तुमची डिस्क शाबूत आहे, काळजी करू नका. दार चुकलंय एवढंच.

जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या दोन दिवसांत तुम्हाला हे लागणार आहे. लिनक्स एका उडीत चालू होत नाही, ती साखळी असते. जुन्या बायोस पद्धतीत बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचतं. तो 512 बाइटचा. त्यातले पहिले 446 बाइट म्हणजे बूट कोड, पुढचे 64 म्हणजे पार्टिशनचा तक्ता, शेवटचे 2 म्हणजे खूण. चौसष्ट बाइटांत सोळा-सोळाच्या चारच नोंदी मावतात, म्हणून एमबीआरमध्ये, म्हणजे या पहिल्या सेक्टरच्या पद्धतीत, चारच प्रायमरी पार्टिशनं. 446 बाइटांत ग्रबसारखा, लिनक्स सुरू करून देणारा मोठा प्रोग्राम कसा मावणार? म्हणून तिथे फक्त त्याचं टोक असतं. ग्रबचा गाभा पहिल्या सेक्टरच्या मागे, पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधीच्या रिकाम्या पट्टीत लपलेला असतो. हल्ली पहिलं पार्टिशन 2048व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे जवळपास 1 एमबीची पट्टी मिळते. त्या गाभ्याला ईएक्सटी4 (लिनक्सची फाइलसिस्टिम) वाचता येतं. तो /बूट/ग्रब मधली फाइल वाचून मेनू दाखवतो, मग कर्नल (लिनक्सचा मूळ प्रोग्राम) आणि इनिट्रामएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइलसिस्टिम) मेमरीत आणतो. इनिट्रामएफएस रूट (मुख्य) पार्टिशन शोधून जोडतं. शेवटी सिस्टमडी (बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) येतं आणि /ईटीसी/एफस्टॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) वाचून बाकीचं जोडतं.

यूईएफआयची सुरुवातच वेगळी. त्याला पहिल्या सेक्टरमधला कोड नको असतो. ते डिस्कवर फॅट पद्धतीचं एक पार्टिशन शोधतं, त्याला ईएसपी म्हणतात, आणि त्यातली डॉट ईएफआय फाइल चालवतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये वेगळं सांगितलं नाही तर मशीन बायोसचं होतं. म्हणजे 2021 मध्ये तुमचं मशीन बायोस पद्धतीने बसवलं गेलं असणार आणि डिस्कवर ईएसपी नाहीच. यूईएफआयला वाचण्याजोगं फॅट पार्टिशन सापडलं असतं तर एफएस0 दिसलं असतं. ते नाही, म्हणून बिचारं शेलमध्ये थांबलंय.

उपाय: व्हर्ट-मॅनेजरमधून हे मशीन काढून टाका. काढताना डिस्कची फाइलसुद्धा पुसायची का असं विचारतं, तिथली टिक आवर्जून काढा. मग त्याच क्यूकाऊ2वर नवीन मशीन बनवा, शेवटच्या पायरीवर 'इन्स्टॉल करण्याआधी बदल करा' ला टिक करा आणि फर्मवेअर बायोस निवडा. मशीन एकदा तयार झालं की तिथून फर्मवेअर बदलता येत नाही, म्हणून आधीच.

---

रातराणी | शुक्रवार, रात्री 8:02

वाटसरूंशी सहमत. एक भर घालते. उलट प्रकारही खूप होतो. यूईएफआयवर बसवलेलं मशीन दुसरीकडे नेताना लोक फक्त डिस्कची फाइल नेतात. कुठली डॉट ईएफआय फाइल चालवायची ही नोंद डिस्कवर नसते, ती फर्मवेअरच्या एनव्हीरॅममध्ये (मशीन बंद झालं तरी न पुसणाऱ्या मेमरीत) असते. केव्हीएममध्ये ती प्रत्येक मशीनची वेगळी छोटी फाइल असते. ती मागे राहिली की ईएसपी असूनही नवं मशीन गोंधळतं. अशा वेळी ईएसपीमध्ये ईएफआय/बूट/बूटएक्स64.ईएफआय या ठरलेल्या जागी ग्रबची प्रत असेल तर फर्मवेअर तीच उचलतं. ग्रब-इन्स्टॉलला '--रिमूव्हेबल' दिलं की प्रत तिथे जाते. मी माझ्या प्रत्येक यूईएफआय मशीनला पहिल्याच दिवशी हे करून ठेवते.

---

पुस्तकघर | शुक्रवार, रात्री 9:30

बायोस केलं आणि ग्रबचा निळा पडदा आला! पण नंतर एका ओळीवर लाल तारे इकडून तिकडे पळत राहिले, '1 मिनिट 30 सेकंद' असा आकडा होता. तो संपल्यावर 'इमर्जन्सी मोड' आला. त्याखाली लिहिलंय की कन्सोल उघडता येत नाही, रूट अकाउंट लॉक आहे. एंटर दाबलं की पुन्हा तेच.

---

रातराणी | शुक्रवार, रात्री 9:44

छान, साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत आलात. कर्नल आला, रूट जोडलं गेलं, सिस्टमडी सुरू झालं. अडलंय ते एफस्टॅबमधल्या कुठल्यातरी ओळीवर. सिस्टमडी एखाद्या डिस्कची 90 सेकंद वाट बघतं आणि ती आली नाही तर इमर्जन्सीत जातं. ताऱ्यांच्या ओळीत कुठल्या डिस्कचं नाव होतं?

---

पुस्तकघर | शुक्रवार, रात्री 9:51

डेव्ह-एसडीबी1. अरे हो, जुन्या मशीनला बॅकअपसाठी दुसरी छोटी डिस्क जोडलेली होती. ती मी आणलीच नाही.

---

रातराणी | शुक्रवार, रात्री 10:10

तेच. आता आत कसं शिरायचं ते सांगते. डेबियन बसवताना रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड रिकामा ठेवला की ते खातं लॉक राहतं आणि सगळं सुडोवर (तात्पुरते ते अधिकार देणाऱ्या आज्ञेवर) चालतं. रोजच्या कामात ते बरं, पण अशा वेळी दार बंद.

1. मशीन पुन्हा चालू करा, ग्रबच्या मेनूवर पहिल्या ओळीवर असताना 'ई' दाबा.
2. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्या अगदी शेवटी एक जागा सोडून इनिट=/बिन/बॅश लिहा.
3. कंट्रोल आणि एक्स दाबा. सिस्टमडीऐवजी थेट शेल मिळेल, पासवर्ड न मागता.
4. या वेळी रूट पार्टिशन फक्त वाचता येतं. लिहिता यावं म्हणून: माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
5. नॅनोने /ईटीसी/एफस्टॅब उघडा, एसडीबी1च्या ओळीपुढे # टाका, जतन करा.
6. सिंक, मग रीबूट -एफ.

एफस्टॅबमध्ये रूटची ओळ कशी आहे तेही बघून सांगा. एसडीए1 लिहिलंय की यूयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक)?

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री 10:22

यूयूआयडीच असणार, नाहीतर तिथवर पोचलंच नसतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्कचं नाव एसडीए असतं, केव्हीएमच्या व्हर्टआयओ डिस्कचं व्हीडीए. नावं गादी बदलली की बदलतात, यूयूआयडी फाइलसिस्टिमच्या आत कोरलेला असतो. माझ्या एका मशीनने एसडीएचं एनव्हीएमई0एन1 झाल्यावर अशीच मान टाकली होती.

आणि ताई नशीबवान आहेत की डेबियन आहे. त्याचं इनिट्रामएफएस सगळ्या प्रकारच्या डिस्कचे ड्रायव्हर सोबत घेऊन बनतं. रेड हॅटच्या घराण्यात ड्रॅकट (इनिट्रामएफएस बनवणारं साधन) फक्त त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर भरतं, मग व्हर्टआयओवर नेलं की रूटच सापडत नाही आणि 'ड्रॅकट:/#' वर अडकून बसायला होतं. तिथे हलवण्याच्या *आधी* जुन्या मशीनवरच नो-होस्टओन्ली देऊन नवं इनिट्रामएफएस बनवायचं असतं.

---

पुस्तकघर | शनिवार, सकाळी 10:15

रूटची ओळ यूयूआयडीचीच आहे. रातराणीताईंच्या सहाही पायऱ्या केल्या, लॉगिन आलं. काल रात्री घरी कुणाला सांगू असं झालं होतं.

पण आता नेटवर्क नाही. आयपी पत्ताच मिळत नाहीये.

---

दर्याकिनारी | शनिवार, सकाळी 10:31

/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस उघडा. तिथे ईएनपी0एस3 लिहिलेलं असेल, ते व्हर्च्युअलबॉक्सचं नाव. 'आयपी लिंक' चालवून नवं नाव बघा, बहुतेक ईएनपी1एस0 असेल. फाइलमध्ये दोन्ही ठिकाणी बदला आणि रीबूट करा.

---

पुस्तकघर | शनिवार, दुपारी 12:05

नेटवर्क आलं, कोहा उघडलं. पण मोठी अडचण झाली आहे. शेवटचा ॲक्सेशन नंबर (पुस्तकाचा दाखल क्रमांक) दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधला दिसतोय. त्यानंतर आम्ही जवळपास अठराशे पुस्तकं दाखल केली आहेत. एकही नाही. नवीन सभासद नाहीत. देवघेवही त्याच महिन्यात थांबलेली. काही पुसलं गेलं का? मी खूप घाबरले आहे.

---

आडवाटेचा_वाटसरू | शनिवार, दुपारी 12:12

ताई, थांबा. जुन्या पीसीवर काहीही पुसू नका, कुठलाही स्नॅपशॉट डिलीट करू नका. तुमचा डेटा तिथेच आहे, मला जवळपास खात्री आहे.

जुन्या पीसीवर या मशीनच्या फोल्डरमध्ये 'स्नॅपशॉट्स' नावाचं फोल्डर आहे का? त्यात महिरपी कंसातल्या लांब आकडा-अक्षरांच्या नावाची व्हीडीआय फाइल आहे का?

---

पुस्तकघर | शनिवार, दुपारी 12:30

आहे. 11 जीबीची. तारीख कालची.

---

आडवाटेचा_वाटसरू | शनिवार, दुपारी 12:58

तुमची दोन वर्षं त्या 11 जीबीत आहेत. सुखरूप.

झालंय असं. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये कुणीतरी, बहुधा कोहा अद्ययावत करण्याआधी, स्नॅपशॉट घेतला. चांगल्या हेतूने. स्नॅपशॉट घेतला की व्हर्च्युअलबॉक्स मूळ व्हीडीआयला हात लावणं बंद करतं. त्या क्षणापासूनचं सगळं लिखाण त्या दुसऱ्या, फरकाच्या फाइलमध्ये जातं. तुम्ही मूळ फाइल उचलली. ती पूर्ण, निरोगी आहे, बूटही होते, फक्त त्या जूनमध्ये गोठलेली आहे. मूळ फाइलची 'बदल केल्याची तारीख' बघितलीत तर तोच महिना दिसेल. डिस्क फाइल हलवण्याआधी ही तारीख बघायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण ही चूक कुठलाही एरर देत नाही.

आता क्रम नीट पाळा.

जुनं मशीन एकदा चालू करा, आत कोहा-डंप चालवून डेटाबेसची प्रत काढा आणि ती पेन ड्राइव्हवर घ्या. डिस्क वाजतेय म्हणालात, म्हणून आधी हे. मग मशीन आतून व्यवस्थित बंद करा, शटडाउन. 'सेव्ह स्टेट' नको, त्यात मेमरीत अर्धवट राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरलेलं नसतं. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये क्लोन करा: 'फुल क्लोन' आणि 'करंट मशीन स्टेट'. क्लोन पोर्टेबल डिस्कवर ठेवा, त्या वाजणाऱ्या डिस्कवर नको. क्लोनमध्ये मूळ आणि फरक एकत्र होऊन एकच व्हीडीआय तयार होईल. तीच कन्व्हर्ट करा. स्नॅपशॉट डिलीट करूनही दोन्ही फाइली एकत्र होतात, पण ते त्याच आजारी डिस्कवर मूळ फाइलमध्ये लिहून होतं. ते करू नका.

एफस्टॅब आणि नेटवर्कचे बदल पुन्हा करावे लागतील.

---

पुस्तकघर | शनिवार, रात्री 8:47

क्लोनला चार तास लागले. मधे एकदा डिस्क इतकी वाजली की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पण पूर्ण झालं. कन्व्हर्ट केलं, बायोसवर मशीन केलं, एफस्टॅब, नेटवर्क. कोहा उघडलं आणि परवा दाखल केलेलं शेवटचं पुस्तक दिसलं. मी त्याच्या पहिल्या पानावरचा शिक्का आणि पडद्यावरचा नंबर शेजारी धरून पाहिला. वाटसरूदादा, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री 9:05

वा! आता जागा वाढवू. पण आज झोपा. उद्या एलएसबीएलके (डिस्का आणि पार्टिशनांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून काय दिसतं ते टाका.

---

पुस्तकघर | रविवार, सकाळी 9:20

हे दिसतं:

व्हीडीए — 40जी, डिस्क
व्हीडीए1 — 39जी, पार्ट, /
व्हीडीए2 — 1के, पार्ट
व्हीडीए5 — 975एम, पार्ट, स्वॅप

3 आणि 4 कुठे गेले? आणि 1के म्हणजे फक्त एक किलोबाइट?

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी 9:58

हे डेबियनच्या इन्स्टॉलरचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं रूप. व्हीडीए2 हे एक्स्टेंडेड पार्टिशन आहे, म्हणजे नुसती टोपली. 1के हा तिचा खरा आकार नाही. चारच नोंदींच्या अडचणीवर ही पळवाट काढलेली: एक नोंद टोपलीला द्यायची, टोपलीत लॉजिकल पार्टिशनं ठेवायची, आणि त्यांचे क्रमांक कायम 5 पासून. म्हणून 3 आणि 4 नाहीत.

अडचण अशी की डिस्क वाढवली तर नवी जागा शेवटी येते. तुमचं रूट सुरुवातीला, आणि मधे स्वॅपची भिंत. पार्टिशनला शेजारची सलग जागाच घेता येते, भिंतीवरून उडी मारता येत नाही. म्हणून भिंत पाडायची. स्वॅप म्हणजे मेमरी अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा, त्यात जपण्यासारखं काही नसतं.

मशीन बंद करून आधी क्यूकाऊ2 फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. खरंच काढा. मग सर्व्हरवर क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझने +60जी. मशीन चालू करा. पुढचं सगळं आत, रूट म्हणून:

स्वॅपऑफ -ए करून स्वॅप सोडवा. एफडिस्क /डेव्ह/व्हीडीए उघडा, 'पी' ने तक्ता बघा, 'डी' ने 2 काढा. टोपली गेली की आतला 5 आपोआप जातो. पुन्हा 'पी' करून फक्त 1 उरलाय याची खात्री करा, मगच 'डब्ल्यू'. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, शंका आली तर 'क्यू' दाबून बाहेर या.

मग क्लाउड-गेस्ट-युटिल्स हे पॅकेज टाका, त्यात ग्रोपार्ट आहे. ग्रोपार्ट /डेव्ह/व्हीडीए 1. लक्ष द्या, व्हीडीए आणि 1 यांच्या मधे जागा आहे. पार्टिशन वाढलं, पण आतली फाइलसिस्टिम अजून जुन्याच मापाची. रिसाइझ2एफएस /डेव्ह/व्हीडीए1. ईएक्सटी4 चालू असतानाच वाढतं, बंद करायची गरज नाही.

---

रातराणी | रविवार, सकाळी 10:20

आणि कृष्णाकाठ जे नेहमी विसरतात ते मी सांगते. स्वॅप पार्टिशन काढलं की त्याचा पत्ता दोन ठिकाणी उरतो. एक एफस्टॅबमध्ये, ती ओळ काढा. दुसरा /ईटीसी/इनिट्रामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलमध्ये. ती राहिली तर प्रत्येक बूटला इनिट्रामएफएस हरवलेल्या स्वॅपची वाट बघत बसतं, लोकांना वाटतं मशीन मंद झालं. फाइलमध्ये रिझ्यूम=नन करा आणि अपडेट-इनिट्रामएफएस -यू चालवा.

स्वॅप आता फाइलमध्ये ठेवा: फॉलोकेटने 2 जीबीची /स्वॅपफाइल, सीएचमॉड 600, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, आणि एफस्टॅबमध्ये एक ओळ. पुढे डिस्क कितीही वाढवा, मधे भिंत येणार नाही.

---

पुस्तकघर | रविवार, दुपारी 1:40

झालं. आता व्हीडीए 100जी, व्हीडीए1 100जी. डीएफ चालवलं, 94 टक्क्यांवरून 38 टक्के. बूट पूर्वीपेक्षा लवकर होतंय.

एक विचारायचं होतं. पुढच्या वर्षी कॉलेजच्या नियतकालिकांसाठी आणि जुन्या प्रबंधांसाठी दुसरं मशीन करायचं आहे. ते पहिल्यापासून कसं मांडू, म्हणजे ही कसरत पुन्हा नको?

---

दर्याकिनारी | रविवार, दुपारी 2:15

एलव्हीएम (डिस्कांची जागा एका ग्रुपमध्ये जमवून हवी तशी वाटणारी सोय). दुसरा विचारच करू नका. डिस्क वाढली की पीव्हीरिसाइझ, मग एलव्हीएक्स्टेंड -आर, संपलं. दुसरी डिस्क जोडली तरी त्याच ग्रुपमध्ये जाते, भिंतीबिंतीचा प्रश्नच नाही. 2012 पासून माझं प्रत्येक मशीन एलव्हीएमवर आहे.

---

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी 2:50

खऱ्या लोखंडी सर्व्हरवर मी तुमच्या बाजूने आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये मला ते पटत नाही. डिस्क लवचीक करण्याचं काम खाली क्यूकाऊ2 करतंच आहे, त्यावर अजून एक लवचीक थर कशाला? पेचात सापडल्यावर ताईंना थर जितके कमी तितकं बरं. शिवाय उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम घेतला की मधल्या मापाच्या डिस्कची निम्मीच जागा रूटला देतो. 100 जीबीची डिस्क दिली, आत 49 दिसले, म्हणून घाबरून फोन करणारे मी पाहिलेत.

---

दर्याकिनारी | रविवार, दुपारी 3:05

ती उरलेली जागा ग्रुपमध्ये मोकळी असते, एका ओळीत मिळते. माहिती नसणं हा एलव्हीएमचा दोष नाही.

---

आडवाटेचा_वाटसरू | रविवार, दुपारी 4:30

दोघांचंही बरोबर, पण ताईंच्या कामाला मी तिसरं सुचवेन: दोन डिस्का.

पहिली 20 जीबी, त्यात नुसतं डेबियन. दुसरी डेटाची, डेटाबेस आणि प्रबंधांच्या पीडीएफसाठी. सिस्टिम बिघडली तर पहिली डिस्क फेकून नवी बसवता येते, डेटाला धक्का नाही. बॅकअपही दुसरीचाच महत्त्वाचा.

पहिलीवर जीपीटी घ्या, म्हणजे एमबीआरनंतरची नवी पार्टिशन-तक्त्याची पद्धत. त्यात सरळ 128 नोंदींची सोय असते, टोपली लागत नाही, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढवली की ती प्रत मधेच कुठेतरी राहते, पार्टेड त्याबद्दल विचारतं तेव्हा 'फिक्स' म्हणायचं. मांडणीसाठी डेबियनच्या क्लाउड प्रतिमा बघा, मला ती रचना फार आवडते. त्यात रूटचा क्रमांक 1 असतो, पण जागेवर ते सगळ्यात शेवटी असतं. त्याच्या आधी, क्रमांक 14 आणि 15 देऊन, बायोससाठीचं छोटं बूट पार्टिशन आणि ईएसपी ठेवलेले असतात. पहिल्यातून बायोस बूट होतं, दुसऱ्यातून यूईएफआय. तीच डिस्क दोन्ही फर्मवेअरवर चालते आणि रूटच्या मागे कधीच भिंत नाही. तुमचा शुक्रवारचा आणि रविवारचा, दोन्ही प्रश्न तिथे उद्भवलेच नसते.

(जीपीटीवर बायोसने बूट करायचं तर ते छोटं पार्टिशन लागतंच. एमबीआरमधली ती लपायची पट्टी जीपीटीत नसते, तिथे तक्ता बसलेला असतो. म्हणून ग्रबच्या गाभ्याला 1 एमबीची वेगळी खोली द्यायची.)

दुसऱ्या डिस्कवर पार्टिशन न करता थेट ईएक्सटी4 केलंत तरी चालेल. मग वाढवताना ग्रोपार्टही नको, मशीन चालू असतानाच व्हर्श ब्लॉकरिसाइझ आणि रिसाइझ2एफएस.

---

रातराणी | रविवार, संध्याकाळी 5:02

शेवटच्या परिच्छेदाला माझा ठाम विरोध. पार्टिशनचा तक्ता नसलेली डिस्क एफडिस्कमध्ये रिकामी दिसते. तुमच्या-माझ्यानंतर येणारा माणूस ती कोरी समजून त्यावर काहीतरी बसवेल. ताईंच्याच इथे बघा, बसवणारा बाहेर आणि सांभाळणाऱ्या दुसऱ्याच. एक जीपीटी पार्टिशन करा, त्याला नाव द्या, आणि एफस्टॅबमध्ये यूयूआयडीसोबत 'नोफेल' लिहा, म्हणजे ती डिस्क नसली तरी मशीन इमर्जन्सीत जाणार नाही.

---

आडवाटेचा_वाटसरू | रविवार, संध्याकाळी 5:20

मान्य. ताईंसाठी रातराणींचंच बरोबर. पण डेटाबेस ज्या डिस्कवर आहे तिला नोफेल नको. ती जोडली गेली नाही तर मारियाडीबी (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) रिकाम्या फोल्डरकडे बघत राहील, आणि एखादा तिथेच नवा डेटाबेस बनवून मोकळा होईल. ती डिस्क नसेल तर मशीन थांबलेलंच बरं. नोफेल फक्त बॅकअपच्या डिस्कला.

---

पुस्तकघर | रविवार, रात्री 9:15

सगळं वहीत उतरवून घेतलं. बूटची साखळी पहिल्याच पानावर काढली आहे, कुठे अडलं तर काय दिसतं यासकट. जुना पीसी बंद करून कपाटात ठेवला, पुसलेला नाही.

---

पुस्तकघर | तीन आठवड्यांनी, मंगळवार, सकाळी 11:10

पुन्हा मीच. कोहा उत्तम चालू आहे. आज सुरक्षा अद्ययावत करताना मधेच निळा पडदा आला. ग्रब आधी ज्या डिस्कवर होतं ती डिस्क आता नाही किंवा तिची ओळख बदलली आहे, असं म्हणतोय आणि व्हीडीए, व्हीडीए1 असे पर्याय देतोय. काहीही न निवडता पुढे जाऊ का?

---

आडवाटेचा_वाटसरू | मंगळवार, सकाळी 11:24

नको! बरं झालं विचारलंत.

ग्रब बसवताना डेबियनने डिस्कची ओळख लिहून ठेवली होती, त्यात व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्कचं नाव आहे. आता ती डिस्क नाही. काही न निवडता गेलात तर /बूट मधले ग्रबचे भाग नवे होतील आणि पट्टीतला गाभा जुनाच राहील. दोघांचं जमलं नाही की पुढच्या रीबूटला 'ग्रब रेस्क्यू' लिहून मशीन तिथेच अडतं. 2020च्या जुलैमध्ये ग्रबमधल्या बूटहोल या त्रुटीच्या सुरक्षा दुरुस्तीनंतर 'ग्रब_कॅलॉक सापडत नाही' म्हणत कितीतरी मशीनं अशीच अडली होती.

व्हीडीएवर टिक करा, स्पेसबारने. व्हीडीए1 वर नको, गाभा पार्टिशनमध्ये नाही, डिस्कच्या सुरुवातीला बसतो. पडदा निघून गेला असेल तर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवा, तोच प्रश्न पुन्हा येईल.

---

पुस्तकघर | मंगळवार, सकाळी 11:52

व्हीडीएवर टिक केली, व्हीडीए1 रिकामं ठेवलं. 'इन्स्टॉलेशन पूर्ण, एरर नाही' असं आलं. जेवणाच्या सुट्टीत काउंटर बंद असताना रीबूट करते.

---

पुस्तकघर | मंगळवार, दुपारी 1:38

केलं. ग्रब आलं, लॉगिन आलं, कोहा उघडलं. काउंटर दीड वाजता सुरू केला.